एका किताबाचे आयुष्य : लॉर्ड कॉर्नवॉलिस

बंगळूरच्या जुन्या पेठेत, कृष्णराजेंद्र मार्केटच्या गजबजाटाला लागून, एका किल्ल्याचा उरलासुरला भाग उभा आहे. उंच दगडी भिंत, दिल्ली दरवाजाची भक्कम कमान आणि आत एक लहानसे गणेशमंदिर, एवढेच आता दृष्टीस पडते. केंपेगौडाने १५३७ साली बांधलेली मातीची गढी, पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे आणि १७६१ नंतर हैदरअलीने दगडात उभारलेला कोट, असा ह्या जागेचा पूर्वेतिहास आहे. भिंतीत बसविलेली एक पाटी सांगते की, २१ मार्च १७९१ रोजी येथे पडलेल्या खिंडारातून इंग्रजी फौजेने हल्ला चढविला. येणारेजाणारे क्वचितच थांबून ती वाचतात. परंतु त्या रात्री ज्या मोहिमेचे दार उघडले, तिच्या शेवटी इंग्लंडमधील सफक परगण्यातल्या एका घराण्यास नवा किताब मिळाला. तो किताब म्हणजे मार्क्विस कॉर्नवॉलिस.

तो किताब पहिल्यांदा धारण करणारा पुरुष चार्ल्स कॉर्नवॉलिस हा दोन वेळा हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. शाळेत असताना कायमधारा पद्धतीच्या संदर्भात त्याचे नाव आपण सर्वांनी पाठ केलेले असते. त्याचा हा किताब अवघी ३१ वर्षे टिकला. त्याने केलेले काही कायदे मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या माथी राहिले. मनुष्याला मिळालेला मान आणि त्याच्या हातून घडलेले काम ह्या दोहोंचे आयुष्य सारखे नसते, हे ह्या घराण्याच्या कथेतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

घराण्याच्या पायऱ्या

इंग्लंडच्या उमरावांमध्ये पाच पायऱ्या आहेत. सर्वांत खाली बॅरन, त्यावर व्हायकाउंट, त्यावर अर्ल, मग मार्क्विस आणि सर्वांत वर ड्यूक. ह्या शब्दांना मराठीत नेमके प्रतिशब्द नाहीत. आपल्याकडील सरदार, जहागीरदार, मानकरी हे शब्द जवळचे वाटले तरी एक मोठा फरक राहतो. इंग्लंडमध्ये किताब बहुधा थोरल्या मुलाकडेच जातो. धाकट्यांना त्यात वाटा नसतो, आणि सामान्यतः कन्येकडे तो जात नाही. पुरुष वारस संपला की किताबही संपतो. दत्तक घेऊन गादी चालविण्याची आपली रीत तेथे चालत नाही.

कॉर्नवॉलिस घराणे सफकमधील ब्रोम येथले. पहिला चार्ल्स राजा पार्लमेंटशी लढत असता फ्रेडरिक कॉर्नवॉलिस नावाचा गृहस्थ राजाच्या बाजूस राहिला. राजाचा शिरच्छेद झाला, राजपुत्र परदेशी गेला, आणि तो परत येऊन गादीवर बसल्यावर १६६१ मध्ये त्याने फ्रेडरिकला बॅरन केले. ही पहिली पायरी. पुढे १७५३ मध्ये पाचवा बॅरन अर्ल झाला. ही दुसरी पायरी.

ह्या पहिल्या अर्लचे दोन जुळे भाऊ होते. त्यांपैकी फ्रेडरिक हे धर्मसेवेत गेले आणि १७६८ पासून १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कँटरबरीचे आर्चबिशप होते. त्यांच्या पत्नी लॅम्बेथ राजवाड्यात थाटाच्या मेजवान्या देत असत. मेथॉडिस्ट चळवळीची आश्रयदाती काउंटेस ऑफ हंटिंग्डन हिने त्याविरुद्ध राजापर्यंत तक्रार नेली, तेव्हा तिसऱ्या जॉर्जने स्वतः पत्र लिहून आर्चबिशपांना समज दिली. दुसरा जुळा भाऊ एडवर्ड सैन्यात गेला. त्याने १७४९ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्स शहर वसविले आणि तेथील मूळच्या मिगमॉ लोकांच्या डोक्यांवर बक्षीस लावले. एकाच मातेच्या उदरी एकाच वेळी जन्मलेले हे दोघे : एकाच्या हाती धर्मदंड, दुसऱ्याच्या हाती असा हुकूमनामा.

पराभूत सेनापती

आपल्या कथेचा नायक चार्ल्स ह्याचा जन्म ३१ डिसेंबर १७३८ रोजी लंडनमध्ये झाला. एटनच्या शाळेत खेळताना एका सोबत्याच्या काठीचा फटका बसून त्याच्या डोळ्यास कायमची इजा झाली. तो सोबती शूट बॅरिंग्टन पुढे डरहॅमचा बिशप झाला. केंब्रिजमध्ये थोडा काळ आणि इटलीतील तुरीनच्या सैनिकी शाळेत थोडा काळ घालवून चार्ल्स सप्तवार्षिक युद्धात उतरला. १७६२ मध्ये पिता वारल्यावर तो दुसरा अर्ल झाला आणि उमरावांच्या सभागृहात बसू लागला.

तेथे त्याने एक गोष्ट केली ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील वसाहतींवर कर लादण्याचा सर्वाधिकार पार्लमेंटला आहे, असे ठणकावून सांगणारा कायदा १७६६ मध्ये आला, तेव्हा त्याच्या विरोधात मत देणारे उमराव मोजून पाच निघाले. त्यांत तो एक होता. तरीही दहा वर्षांनी राजाचा हुकूम झाला तेव्हा त्याच वसाहतींशी लढण्यास तो निघाला. मनास पटलेले एक आणि हातून घडलेले दुसरे, असा हा पेच त्याच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आलेला दिसतो.

त्याची पत्नी जेमायमा आजारी असल्याचे कळताच तो १७७८ च्या अखेरीस अमेरिकेतून परतला. फेब्रुवारी १७७९ मध्ये ती निवर्तली. एक कन्या आणि एक पुत्र मागे राहिले. घरात मन रमेना म्हणून तो पुन्हा रणांगणावर गेला आणि उरलेल्या आयुष्यात त्याने दुसरा विवाह केला नाही. अमेरिकेत त्याने काही लढाया जिंकल्या. पण १९ ऑक्टोबर १७८१ रोजी व्हर्जिनियातील यॉर्कटाउन येथे सात हजारांहून अधिक सैन्यासह त्याला जॉर्ज वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती ह्यांच्यापुढे शरण जावे लागले. प्रकृतीचे कारण सांगून तो स्वतः समारंभास गेला नाही. तलवार देण्यासाठी त्याने आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यास पाठविले. ह्या शरणागतीने अमेरिकेचे स्वातंत्र्य निश्चित झाले. तरीही राजाचा विश्वास त्याने गमावला नाही, आणि १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल व सरसेनापती अशा दोन्ही पदांवर कलकत्त्यास आला.

निर्मळ हात

तेव्हा कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर येत आणि खाजगी व्यापार, नजराणे व लाच ह्यांवर गब्बर होऊन परत जात. कॉर्नवॉलिसने हा व्यवहार मोडण्याचा निश्चय केला. त्याने पगार वाढविले. कलेक्टरास दरमहा १५०० रुपये आणि वसुलीवर शेकडा एक रुपया ठरवून दिला, आणि बाहेरची मिळकत बंद केली. स्वतः त्याने नजराणे घेतले नाहीत. इंग्लंडहून वजनदार मंडळी आपल्या माणसांसाठी शिफारशी पाठवीत, त्यांस तो नकार देई. बंगालमधून मुलांना पळवून गुलाम म्हणून जहाजांवरून बाहेर विकले जात असे. १७८९ मध्ये जाहीरनामा काढून त्याने तो व्यापार गुन्हा ठरविला. फौजदारी न्यायातील हातपाय तोडण्याच्या शिक्षाही त्याच्याच कारकीर्दीत बंद झाल्या.

धर्मप्रसाराविषयी मात्र तो उदासीन होता. कंपनीतील सश्रद्ध अधिकारी चार्ल्स ग्रँट आणि कलकत्त्याचे पाळक डेव्हिड ब्राऊन ह्यांनी १७८७ मध्ये बंगालमध्ये मिशन सुरू करण्याची योजना आखली. अशा प्रयत्नांतून काही निष्पन्न होईल असे कॉर्नवॉलिसला वाटत नव्हते. तथापि आपण आडवे येणार नाही, एवढे आश्वासन त्याने दिले. आर्चबिशपांचा पुतण्या आणि बिशपांचा भाऊ असलेल्या ह्या मनुष्याकडून ग्रँटला याहून अधिकाची आशा असावी.

बंगळूरचे खिंडार

१७९० मध्ये म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी युद्ध पेटले. जून महिन्यात पुण्यास पेशव्यांशी आणि त्यानंतर निजामाशी इंग्रजांचा करार झाला. जनरल मेडोजला यश येईना, म्हणून कॉर्नवॉलिस स्वतः मद्रासला आला. मार्च १७९१ च्या आरंभी तो बंगळूरसमोर उभा राहिला. ७ मार्चला पेठ पडली. पेठेतील घराघरांतून झालेल्या झुंजीत दोन्ही बाजूंची पुष्कळ माणसे पडली. दोन आठवडे तोफा चालल्यावर कोटाला खिंडार पडले आणि २१ तारखेच्या रात्री, चांदण्यात, हल्ला झाला. वयोवृद्ध किल्लेदार बहादूरखान खिंडारातच लढत पडला आणि त्याच्याबरोबर शेकडो शिबंदी. त्याचे शव सन्मानाने पाठविण्याची तयारी कॉर्नवॉलिसने दर्शविली. परंतु जेथे तो पडला तेथेच त्यास मूठमाती मिळणे हा त्याचा खरा सन्मान होय, असे टिपूने कळविले. त्याप्रमाणे शहरातील मुसलमानांच्या हस्ते त्याचा दफनविधी झाला.

बंगळूर पडले तरी युद्ध संपले नाही. मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळ पोहोचला, तेव्हा पावसाने झोडपले, बैल हजारोंनी मेले, धान्य संपले. अखेर आपल्याच हातांनी वेढ्याच्या अवजड तोफा फोडून त्यास माघार घ्यावी लागली. उपाशी फौज मेलुकोटेच्या बाजूस सरकत असता समोर घोडेस्वार दिसले. शत्रू आला म्हणून इंग्रज सज्ज झाले. पण ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांचे मराठे होते. टिपूच्या स्वारांनी मधले जासूद अडविल्याने त्यांच्या आगमनाची वार्ताच पोहोचली नव्हती. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होते, कापड होते, बैल होते. भाव चढे होते, पण फौज जगली. मार्क्विस ह्या किताबामागे मराठी बाजारबुणग्यांच्या गोण्यांचाही वाटा आहे, हे इंग्लंडच्या वंशावळीत लिहिलेले आढळणार नाही. ह्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेबरोबरच्या लुटारू स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही येथे नमूद केले पाहिजे. युद्धाची किंमत नेहमीच युद्ध न करणाऱ्यांनी दिली.

फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणावर रात्रीचा हल्ला झाला आणि टिपूने तह मान्य केला. निम्मा मुलूख आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे, आणि रक्कम पुरी होईपर्यंत दोन पुत्र ओलीस ठेवावे, असे ठरले. अब्दुल खालिक दहा वर्षांचा, मुइझुद्दीन आठ वर्षांचा. हत्तींवरून ही मुले इंग्रजांच्या छावणीत आली, तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांस हाती धरून आपल्या दोन्ही बाजूंस बसविले आणि प्रत्येकास सोन्याचे घड्याळ दिले. ह्या प्रसंगाची चित्रे इंग्लंडभर गाजली. चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालयात कॉर्नवॉलिसचा पुतळा आहे, त्याच्या बैठकीवरही हाच देखावा कोरलेला आहे. मुले बापाकडे परतली ती १७९४ मध्ये. चित्रात प्रेमळ दिसणारा तो हात एका बापाच्या कर्जासाठी त्याची लेकरे तारण ठेवणाराही होता.

तहाने पेशव्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत गेली. लुटीतील आपला हिस्सा कॉर्नवॉलिसने घेतला नाही. तो फौजेस सोडून दिला. राजाने त्याच वर्षी त्यास मार्क्विस केले. ही तिसरी पायरी.

कायदा आणि अविश्वास

१७९३ मध्ये परत जाण्यापूर्वी त्याने दोन मोठी कामे उरकली. पहिले कायमधारा पद्धतीचे. बंगाल, बिहार आणि ओरिसाचा कंपनीकडे असलेला भाग येथील जमीनदारांस जमिनीचे मालक ठरवून सरकारदेणे कायमचे बांधून दिले. वसुलातील अकरा भागांपैकी दहा भाग सरकारचे, एक जमीनदाराचा, असा हिशेब. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी देणे भरले नाही तर जमीनदारी लिलावात जाई. इंग्लंडात ज्याप्रमाणे जमिनीचा धनी तिची काळजी वाहतो, त्याप्रमाणे येथेही होईल, अशी त्याची कल्पना. स्वतः किताबदार जमीनदार घराण्यात वाढलेल्या मनुष्याने आपल्या घराचीच प्रतिकृती बंगालच्या मातीत रोवली. पण नांगर धरणाऱ्या रयतेचा हक्क त्यात कागदावर नीट उतरलाच नाही. जुनी घराणी लिलावात बुडाली, शहरातील पैसेवाल्यांनी जमिनी घेतल्या, आणि खंडाचा भार खालच्या माणसावर वाढत गेला. विशेष हे की, म्हैसूरच्या तहात मिळालेल्या बारामहाल प्रांतात कॉर्नवॉलिसने जे अधिकारी नेमले त्यांत टॉमस मन्रो होता, आणि तेथूनच रयतेशी थेट व्यवहार करणारी रयतवारी पद्धत वाढीस लागली. ती पुढे मुंबई इलाख्यातही आली. म्हणून महाराष्ट्रातील बहुतेक शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यामागे बंगाल नाही, बारामहाल आहे.

दुसरे काम न्याय आणि महसूल ह्यांची फारकत करणाऱ्या कायदेसंहितेचे. कलेक्टर हाच न्यायाधीश असू नये, सरकारी अधिकाऱ्यावरही प्रजेला दावा लावता यावा, ही तत्त्वे आजही आपणास मोलाची वाटतात. परंतु त्याच व्यवस्थेत वर्षाला ५०० पौंडांहून अधिक वेतनाची पदे हिंदी माणसास बंद झाली. एतद्देशीय सारेच भ्रष्ट असतात, असे त्याचे ठाम मत होते. इंग्रज नोकर लाच घेई तेव्हा त्यास पगार कमी पडतो असे निदान झाले, आणि हिंदी नोकर लाच घेई तेव्हा त्याचा स्वभावच तसा असे ठरले. एकास औषध मिळाले, दुसऱ्यास हद्दपारी. हिंदी मातेच्या पोटी जन्मलेल्या मुलांना कंपनीच्या सनदी व लष्करी नोकरीतून वगळण्याचा ठरावही संचालकांनी त्याच्याच कारकीर्दीत, १७९१ मध्ये केला. बंगळूरसारख्या शहरांतून अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या ज्या पिढ्या प्रार्थनामंदिरांत आपल्या शेजारी बसत आल्या, त्यांच्या पूर्वजांवरचा हा घाव होता.

डब्लिनमधील बाजार

१७९८ मध्ये बंडाळीने होरपळलेल्या आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून त्यास पाठविण्यात आले. बंडखोरांना त्याने मोडले, काहींना फाशी दिले, पण सूडाने पेटलेल्या जमीनदारांना आवर घालून सामान्य लोकांना माफीही देऊ केली. मग आयर्लंडचे पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटात विलीन करण्याचे काम त्याच्या गळ्यात आले. त्यासाठी आयरिश सभासदांची मते हवी होती, आणि ती मिळविण्याचे मुख्य साधन होते किताब. कोणास बॅरन करावयाचे, कोणास एक पायरी वर चढवावयाचे, ह्याचे सौदे त्याच्या मेजावर येऊ लागले. ज्याने कलकत्त्यात नजराणे बंद केले त्यास डब्लिनमध्ये उमरावक्या वाटाव्या लागल्या. ह्या कामाची त्यास किळस आली होती; तरी त्याने ते पुरे केले.

त्याच्या मनाला एकच आधार होता. विलीनीकरणानंतर कॅथलिक प्रजेस पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळेल, असा भरवसा त्याने बाळगला होता. राज्याभिषेकाच्या वेळी घेतलेल्या शपथेचा भंग होईल असे कारण सांगून तिसऱ्या जॉर्जने तो हक्क नाकारला, तेव्हा १८०१ मध्ये प्रॉटेस्टंट आर्चबिशपांच्या ह्या पुतण्याने कॅथलिकांवरील अन्यायासाठी पद सोडले. एकेकाळी मत देऊनही विरुद्ध वागलेला हा मनुष्य ह्या खेपेस मनास पटले तसे वागला. त्याच्या आयुष्यातील उजळ प्रसंगांत हा प्रथम गणावा.

गाझीपूर आणि त्यानंतर

१८०५ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यास पुन्हा हिंदुस्थानात धाडण्यात आले. वेलस्लीच्या युद्धांनी कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती. शिंदे आणि होळकर ह्यांच्याशी समेट करण्यासाठी, प्रसंगी जिंकलेले ग्वाल्हेर शिंद्यांस परत देण्याच्या तयारीने, तो गंगेतून वर निघाला. शरीर थकले होते. ५ ऑक्टोबर १८०५ रोजी गाझीपूर येथे त्याचे देहावसान झाले. तेथे त्याची घुमटाकार समाधी आहे. फ्लॅक्समन ह्या शिल्पकाराने घडविलेल्या संगमरवरी शिल्पात एक हिंदू, एक मुसलमान आणि गोरा व हिंदी शिपाई शोक करताना दाखविले आहेत.

पुत्र चार्ल्स दुसरा मार्क्विस झाला. त्यास पाच कन्या, पुत्र नाही. १८२३ मध्ये तो वारला आणि बंगळूर-श्रीरंगपट्टणाच्या मोहिमेत मिळालेला किताब त्याच्याबरोबर संपला. अर्लपद त्याच्या वृद्ध चुलत्याकडे, म्हणजे लिचफील्डचे बिशप जेम्स ह्यांच्याकडे गेले. ऐंशी वर्षांच्या बिशपांनी ते काही महिनेच भोगले. त्यांचा पुत्र १८५२ मध्ये वारल्यावर अर्ल आणि बॅरन ह्या दोन्ही पायऱ्याही कोसळल्या. कन्येच्या वंशातील एका गृहस्थास १९२७ मध्ये पुन्हा बॅरन कॉर्नवॉलिस करण्यात आले खरे, पण तो नवा किताब होता; जुन्याचा धागा तुटलेला होता.

बंगळूरात म्हैसूरच्या युद्धांत पडलेल्या इंग्रज सैनिकांचे एक स्मारक होते आणि त्यावरून एका रस्त्यास सेनोटाफ रोड म्हणत. १९६४ मध्ये कन्नड चळवळीच्या रेट्याने ते स्मारक पाडण्यात आले. त्या रस्त्यास आता नृपतुंग मार्ग म्हणतात. हॅलिफॅक्समधील एडवर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळाही जानेवारी २०१८ मध्ये उतरविण्यात आला. बंगालची जमीनदारी मात्र किताब संपल्यावरही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालली आणि देश स्वतंत्र झाल्यावर, १९५० नंतरच्या कायद्यांनी ती नष्ट झाली.

कॉर्नवॉलिस १७९३ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थान सोडून गेला आणि ११ नोव्हेंबरला विल्यम केरी कलकत्त्यास उतरले. पूर्वी जोडे शिवणारे, कोणताही किताब नसलेले. कंपनीच्या हद्दीत मिशनला थारा नव्हता म्हणून पुढे डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर त्यांनी गाठले. गाझीपुरास मार्क्विस मरण पावला त्याच १८०५ साली केरींनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तयार केलेले मराठी व्याकरण आणि मराठीतील मत्तयाचे शुभवर्तमान श्रीरामपुरी छापून निघाले. ज्या हिंदी माणसावर विश्वास ठेवण्याची कॉर्नवॉलिसची तयारी नव्हती, तशाच एका पंडिताच्या शेजारी बसून केरी शब्द विचारीत होते.

आपल्या जुन्या प्रार्थनामंदिरांतील भिंतींवर इंग्रजी किताबांच्या पाट्या आजही आहेत. त्या पाहून कोणी भारावतो, कोणी संतापतो. कॉर्नवॉलिसचे चरित्र दोघांनाही थांबावयास लावते. तो निर्लोभी होता, शत्रूच्या शवाचा मान राखणारा होता, दुसऱ्या पंथाच्या हक्कासाठी पद सोडणारा होता. आणि ज्यांच्यावर राज्य केले त्या लोकांवर त्याचा विश्वास नव्हता. स्वतःचे हात निर्मळ ठेवणे ही मोठी गोष्ट आहे. पण दुसऱ्याचे हातही निर्मळ असू शकतात असे मानणे ही त्याहून मोठी. ह्या दुसऱ्या परीक्षेत तो उतरला नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.